एका फळीवरचा पंप

२ मार्च, सोमवार

सुट्या भागांचा दुकानदार दर वर्षी एक डायरी देतो आणि दर वर्षी ती हिच्या दुधाच्या हिशेबाला जाते. या वर्षी मीच ठेवून घेतली. पहिल्या पानावर काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. या हातांनी बनवलेल्या वस्तू, आठवतील तशा:

तांब्याची नळी न चेपता वाकवायचं यंत्र, सायकलच्या धावेपासून. एसीच्या जाळीच्या वाकलेल्या पात्या विंचरायची फणी. बाजारच्या फणीचे दात महिन्यात पडतात, माझीचा एकही पडलेला नाही. वर्कशॉपचं शटर आणि त्याचं कुलूप, ज्याची किल्ली जगात एकच आहे. दोन मेलेल्या फ्रिजांतून एक जिवंत, जो आमच्या स्वयंपाकघरात अजून चालतो. आईची चाकाची खुर्ची. शेवटचं वर्ष ती त्यात बसली आणि खुर्ची एकदाही करकरली नाही. धाकटा भाऊ. (हसणाऱ्याने हसावं. वडील गेले तेव्हा तो चड्डीत होता. वाचायला त्याला शाळेने शिकवलं असेल, पान्हा धरायला मी शिकवलं. आज चाळिशीला टेकला तरी पान्हा माझ्यासारखाच धरतो, अंगठा वर.)

आणि व्हॅक्यूम पंप. हा शेवटी लिहिला कारण तो सगळ्यांत वरचा.

एसी म्हणा, फ्रिज म्हणा, दुरुस्तीला उघडला की त्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि हवेबरोबर ओल. ती आत राहिली तर मशीन आतून कुजतं. म्हणून गॅस भरण्याआधी आतलं सगळं ओढून काढायचं, पार निर्वात करायचं. ते काम पंपाचं. लोक विकत घेतात. मी भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून केला. कॉम्प्रेसर, बटण, तापला की वीज तोडणारा रिले, दाबाचं घड्याळ, सगळं एका फळीवर, वर पितळी मूठ. एका हाताने उचलून जिना चढता येतो. आतून ओढलेली हवा जिथून बाहेर पडते ती नळी मी फळीलाच धरून बटणाशेजारी आणून सोडली आहे, म्हणजे कुठे लोंबत नाही, कुणाच्या पायात येत नाही. एकच खोड आहे. फार तापला की टक करतो आणि थांबतो. दम घेऊ द्यायचा, मग पुन्हा बटण दाबायचं. माणसासारखाच आहे, फक्त उलट बोलत नाही.

५ मार्च, गुरुवार

धाकटा कंपनीच्या प्रशिक्षणाहून आला. चार दिवस थंड खोलीत बसून गोरा होऊन आला. येताना प्रमाणपत्र आणलं आणि एक खोकं.

"दादा, रागावणार नसलास तर दाखवतो."

खोक्यात पंप. निळा, चकचकीत, वर चिकटपट्टी तशीच. तीन वर्षं साठवलेल्या पैशांतून घेतला म्हणाला. मला न विचारता घेतलेली ही त्याची दुसरी गोष्ट. पहिली त्याची बायको.

"नवीन मशीनमधला गॅस पेटतो, दादा. शेगडीतला असतो त्याच जातीचा. बटणात ठिणगी पडतेच, दिसत नाही इतकंच. आणि पंप ओढलेला गॅस बाहेर टाकतो. दोन्ही शेजारी शेजारी असलं की संपलं. याचं बटण बंद डब्यात आहे."

मी विचारलं, "माझ्या पंपाने आजवर कोण मेलं?"

"कुणी नाही. जुना गॅस पेटत नव्हता."

"अच्छा, म्हणजे श्रेय गॅसचं."

मग तो मला शिकलेलं सगळं म्हणून दाखवू लागला. आधी उरलेला गॅस लांब नळीने उघड्यावर सोडायचा. मग नायट्रोजन फुंकून नळ्या धुवायच्या. खिडक्या उघडायच्या. पंपाचं तेल रोज बघायचं, दुधासारखं पांढुरकं झालं की बदलायचं. पंप बंद करण्याआधी झडप बंद करायची, नाहीतर तेल उलटं मशीनमध्ये शिरतं. डोळ्यांना चष्मा. मी पूर्ण ऐकून घेतलं. ज्याच्या हातात कसब नसतं त्याला यादी लागते.

"प्रमाणपत्र फ्रेम करू नकोस," मी म्हटलं. "नळीला भोक पडलं की वर चिकटवायला होईल."

तो हसला. माझ्या बोलण्यावर तो नेहमी हसतो. ही एक गोष्ट मी त्याला शिकवलेली नाही.

८ मार्च, रविवार

धाकटा वरच्या मजल्यावर राहतो, रविवारी सगळे खाली एकत्र जेवतो. जेवणाआधी त्याने आमच्या फ्रिजशेजारी जमिनीवर बसून निळा पंप एका रिकाम्या नळीला लावून सगळ्यांना दाखवला. आकडेवाला मीटर आहे. आकडे सरसर खाली आले आणि तळाला जाऊन बसले. ही म्हणाली, "बाई गं, आवाजच नाही." हिला पंपातलं काय कळतं, पण बोलली.

मी माझा आणून शेजारी लावला. काटा जाईल तिथवर गेला. धाकटा मान खाली घालून म्हणाला, "दादा, तुझा काटा इथे थांबतो, पण ओल याच्याही खालीच निघते."

सगळ्यांसमोर म्हणाला.

त्याची बायको शिवणकाम करते आणि जीभही सुईसारखीच वापरते. मी पंप फळीसकट टेबलाच्या कडेला ठेवला होता, तर ताटं मांडताना म्हणते, "दादा, याचंही पान वाढू का? मोठे आहेत, आधी त्यांना."

सगळे हसले. धाकटाही हसला. त्याने मागाहून तोंडावर हात घेतला, पण आधी हसला. मी ते पाहिलं.

१० मार्च, मंगळवार

मोठं काम आलं. औषधांच्या घाऊक दुकानात काचेच्या दाराची सहा थंड कपाटं आहेत, त्यांतली दोन बंद पडली. दोन्हींचे कॉम्प्रेसर बदलायचे. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, काम पसंत पडलं तर सगळ्या शाखांची वर्षाची देखभाल तुम्हालाच. कपाटात नवा गॅस आहे, तो पेटणारा. धाकट्याने ते ऐकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ठीक आहे. तुझा पंप, तुझं काम. मी बघतो उभा राहून."

त्याला फार आनंद झाला. दोनदा विचारलं, "खरंच म्हणतोस?" वर जाऊन बायकोला सांगितलं, जिन्यावर दोघांचं हसणं ऐकू आलं.

नायट्रोजनचं नळकांडं भाड्याने आणलं त्याने. मोठं धूड.

११ मार्च, बुधवार

आज त्याची जिरवली. व्यवस्थित लिहून ठेवतो.

तो बाईंना खिडक्या का उघडायच्या ते समजावत होता तेव्हा त्याची पिशवी माझ्यापाशी होती. पंपाच्या नळीच्या टोकात एक पांढरा वायसर असतो, करंगळीच्या नखाएवढा. तो नसला तरी नळी घट्ट आवळली जाते, बघणाऱ्याला काही कळत नाही, फक्त हवा आत येत राहते. मी तो काढून शर्टाच्या खिशात टाकला. यात कपट नाही, परीक्षा आहे. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्यांदा नळीचं टोकच उघडून पाहिलं असतं. नव्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला मी कितीदा सांगितलं आहे.

बाकी काम त्याने नीट केलं, ते नाकारत नाही. कपाट खिडकीशी ओढलं, गॅस लांब नळीने बाहेर सोडला, नायट्रोजन फुंकला. कॉम्प्रेसर बदलला, सांध्याला डाग दिला, स्वच्छ. मग निळा पंप लावला. आकडे उतरले आणि अर्ध्यावर अडले. त्याने डाग तपासला. झडपा तपासल्या. मग साबणाचा फेस लावायला लागला. आत हवा खेचली जात असताना फेसाचा फुगा कुठून येणार? हे त्यालाही माहीत आहे. इतका गांगरला होता की विसरला. दुकानातली पोरं भोवती जमली. एकाने विचारलं, "साहेब, हे यंत्र आंघोळ घालून चालतं का?"

बाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही का हात लावत नाही?" सगळे मला मास्तरच म्हणतात.

"तो प्रमाणपत्रवाला आहे," मी म्हटलं. "मी शाळेत न गेलेला माणूस."

मग उठलो. माझी नळी, माझा पंप. काटा एका दमात खाली. बाई म्हणाल्या, "बघा." धाकटा निळ्या पंपाशेजारी उकिडवा बसला होता. कान लाल. लहानपणी पाढा चुकला की असाच बसायचा.

घरी येताना मीच बोललो, सगळा रस्ता.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी म्हणाला, "दादा, सापडलं. नळीत वायसरच नव्हता. रविवारी तर होता, सगळ्यांनी पाहिलं चालताना. कुठे पडला कळत नाही. आज नवीन आणतो, उद्या दुसरं कपाट याच्यावरच करतो."

"त्या निळ्या खेळण्यात अजून एक दिवस घालवायचा नाही. बाई काय म्हणतील? उद्या माझा पंप."

"मग निदान नायट्रोजन..."

नळकांडं मी सकाळीच परत पाठवून दिलं होतं. रोजचं भाडं चढतं. तसं त्याला सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. वायसरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

झोप येत नाही. क्रमाने लिहितो.

दुसरं कपाट आतल्या कोनाड्यात आहे. धाकटा म्हणाला खिडकीशी ओढू. आतली औषधं काढून पुन्हा लावायला अर्धा दिवस गेला असता. मी नको म्हटलं. खिडकी उघडायला गेला तर बाईंच्या माणसाने सांगितलं, बाहेरची धूळ येते, बंद ठेवा. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते मालक आहेत. बंद ठेव." लांब नळीने त्याने गॅस बाहेर सोडला, जेवढा गेला तेवढा. तेलात मुरलेला राहतोच, तो नायट्रोजनशिवाय निघत नाही, असं तो म्हणाला. कॉम्प्रेसर बदलून झाला. शेवटी म्हणाला, "दादा, बटण तरी लांब घेऊ. वायर आहे का जादा?"

"फळीवरचं बटण फळीवर राहील," मी म्हटलं. "तुला भीती वाटत असेल तर बायकोला बोलाव, ती दाबेल."

कामगार हसले. त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. मी म्हटलं, "जिवंत आहेस ना?" आणि बाईंनी चहाला बोलावलं म्हणून त्यांच्या खोलीत गेलो.

चहा गरम होता. बाई शाखांबद्दल बोलत होत्या. तेवढ्यात टक ऐकू आलं. ओळखीचा आवाज. मागोमाग धाकट्याची हाक, "दादा, थांबला."

मी खुर्चीतूनच म्हटलं, "दम घेऊ दे. मग दाब."

आवाज मोठा नव्हता. शेगडी उशिरा पेटली की होतो तसाच, जरा जाड. मग काच.

दोन्ही हात, उजवा गाल, भुवया, पापण्या. ओरडत नव्हता. "पाणी, पाणी," एवढंच, आणि हात पुढे धरून उभा, जणू कुणाला काही द्यायचंय. मी त्याचा दंड धरला. दुसऱ्या हाताने पंप घेतला. एका हाताने उचलता येतो तो असा. गाडीत त्याला मागे आडवं केलं आणि पंप माझ्या पायांत.

पंपाला काही झालेलं नाही. फळीची एक कड काळी पडली आहे. घासून निघेल.

१४ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. ही दवाखान्यात, त्याच्यापाशी.

१६ मार्च, सोमवार

भेटून आलो. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, डोकं कापसात ठेवलेल्या वस्तूसारखं. त्याची बायको चमच्याने पेज देत होती. मी बसलो. सांगितलं, "पंप ठीक आहे."

त्याने मान हलवली.

तिने चमचा वाटीत ठेवला. "दादा, खिडक्या कुणी बंद ठेवायला सांगितल्या?"

"मालकाच्या माणसाने."

"आणि बटण दाबायला?"

"जाऊ दे गं," धाकटा म्हणाला. ओठ नीट हलत नव्हते.

"मी विचारतेय फक्त. मला पंपातलं काय कळतं?" असं म्हणून तिने पुन्हा चमचा उचलला.

मी त्याला शांतपणे समजावलं की तापलेला पंप असताना तोंड जवळ आणायचं नसतं. बटण दाबताना माणसाने हात लांब करावा, मान मागे घ्यावी. मी नेहमी तसंच करतो. कधी सांगितलं नसेन, पण बघून शिकायच्या गोष्टी असतात. तो ऐकत होता. डॉक्टर म्हणाले उजव्या हाताची कातडी आखडेल, अंगठा कितपत वळेल ते आताच सांगता येत नाही.

येताना त्याच्यासाठी नेलेली फळं तशीच परत आणली. त्याला चावता येत नाही.

१८ मार्च, बुधवार

सरकारी तपासनीस येऊन गेला. सभ्य माणूस. दुकानात कोनाड्यात त्याला फुटकी काच, कपाट आणि निळा पंप सापडला. तो शुक्रवारी बरोबर नेला होता आणि तिथेच राहिला, धाकट्याने नवीन वायसर आणून ठेवला होता तो पिशवीत तसाच. बाईंनी सांगितलं की तो पंप आधीच्या बुधवारपासूनच बिघडलेला होता, सगळ्यांनी पाहिलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. जे पाहिलं ते सांगितलं.

मग दवाखान्यात धाकट्याचा जबाब. मी दाराशी होतो.

"कोणता पंप लावला होता?"

धाकट्याने छताकडे पाहिलं. "माझा. निळा."

"खिडक्या?"

"दादाने उघडायला सांगितलं होतं. मी विसरलो."

त्याची बायको उठून बाहेर गेली. माझ्या शेजारून गेली, पण पदर सावरून, भिंतीला धरून, जणू मी ओला रंग आहे.

मला बरं वाटलं असं नाही. पण विचार केला तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. सकाळी खिडकीकडे मीच आधी पाहिलं होतं. उघड असं म्हटलोही असेन. इतक्या गोंधळात कुणाला काय आठवतं.

तपासनीसाने लिहून घेतलं: कामगाराचा निष्काळजीपणा, सदोष पंप. निळ्या पंपात दोष होताच. मला तो पहिल्या दिवसापासून दिसत होता.

२१ मार्च, शनिवार

हिने कपडे भिजवताना माझा ११ तारखेचा शर्ट उशिरा हाती घेतला. खिशातून पांढरा वायसर निघाला. तो तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आली. "हे काय हो? बटण आहे का? कुठल्या शर्टाचं?"

धाकट्याची बायको तिथे डबा भरत होती. तिने हातातलं झाकण ठेवलं. बघितलं. त्या रविवारी धाकट्याने तिला नळीचं टोक उघडून दाखवलं होतं, मला आठवतं, याला जपावं लागतं म्हणाला होता.

"द्या वहिनी," ती हिला म्हणाली. "माझ्याकडचं आहे."

हिने दिलं. मी पेपर वाचत होतो.

तिने काही म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. उत्तर तयार होतं. परीक्षा होती म्हणून सांगितलं असतं. तिने डबा उचलला आणि गेली.

२२ मार्च, रविवार

सकाळी वर्कशॉपमध्ये एकटाच. फळीची काळी कड घासली. बटण काढून फळीच्या दुसऱ्या टोकाला लावून पाहिलं, नळीपासून लांब. वाईट दिसत नव्हतं. पण मग वजन एका बाजूला जातं, मुठीने उचललं की पंप कलतो. जुन्या जागीच परत बसवलं. स्क्रू चांगले पिळले.

जेवायला वरून कुणी आलं नाही.

२५ मार्च, बुधवार

बाईंचा फोन. मला वाटलं काम गेलं. पण गोष्ट निराळी निघाली. त्यांना सगळ्या शाखांची कपाटं तातडीने तपासून हवी आहेत, आणि बाजारात या कामाला माणूस मिळत नाही. मी चांगला आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फक्त तपासनीसाने अट घातली आहे: प्रत्येक कामावर प्रमाणपत्र असलेला माणूस हजर पाहिजे.

मी म्हटलं, आहे आमच्याकडे.

धाकट्याला काल घरी सोडलं. उजवा अंगठा वर येत नाही, तळहाताला चिकटून बसल्यासारखा. पान्हा धरता येणार नाही. पण पान्हा धरायला मी आहे. त्याने फक्त उभं राहायचं, सही करायची, ती डाव्या हातानेही होते. दुसरीकडे त्याला आता कोण ठेवणार? ज्याने निष्काळजीपणे दुकान पेटवलं अशी नोंद आहे त्याला? मी ठेवतोय. भाऊ आहे म्हणून ठेवतोय.

वर जाऊन सांगितलं. खिडकीशी बसला होता. "सोमवारपासून ये," म्हटलं. "हातांना काही काम नाही. फार तर बटण दाब, तेवढ्याला एक बोट पुरतं. बसून बसून माणूस सडतो."

तो हसला. गाल ओढला जातो म्हणून अर्धाच हसला.

"येतो, दादा."

प्रमाणपत्र मागून घेतलं. फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावलं, दारातून आल्याबरोबर दिसेल असं. फ्रेम मी स्वतः केली.

२७ मार्च, शुक्रवार

निळा पंप घरातून गेला. त्याच्या बायकोने विकला. बाजारात सगळीकडे बातमी आहे की माणूस ज्या पंपाने भाजला तो हाच, त्यामुळे निम्म्या किमतीलाही कुणी हात लावत नव्हतं, शेवटी कुणी परगावचा घेऊन गेला. मी ऐकून मनात म्हटलं, नावाजलेल्या वस्तूची ही किंमत. माझ्या पंपाबद्दल मात्र बाजारात आजवर एक वाईट शब्द नाही.

पाच शाखांचं वेळापत्रक केलं. सोमवारी पहिली. तिथलीही कपाटं कोनाड्यात आहेत, असं बाईंचा माणूस म्हणाला.

२९ मार्च, रविवार

धाकट्याची बायको आज वर्कशॉपमध्ये आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शटरच्या बाहेर चप्पल काढली, देवळात काढावी तशी, मी म्हटलं राहू दे, इथे तेल असतं पायाखाली. तिने काढलीच. फ्रेमकडे पाहिलं. मग पंपाकडे. मी उद्यासाठी पुसून ठेवला होता, पितळी मूठ झळकत होती.

"दादा, हा मला विका."

मला आधी वाटलं टोमणा आहे. तिचं बोलणं तसंच असतं. पण चेहऱ्यावर काही नव्हतं.

"तुला कशाला पंप?"

"मला पाहिजे."

"चालवणार कोण?"

"कुणी नाही."

मी हसलो. म्हटलं, "ताट वाढणार का त्याला?"

ती हसली नाही. पिशवीतून नोटा काढून, मोजून टेबलावर ठेवल्या. वरती पंखा चालू होता, नोटा उडायला लागल्या, म्हणून तिने वजनाला त्यांच्यावर काहीतरी ठेवलं. पांढरा वायसर. एवढ्याशा वायसराने नोटा धरल्या जात नाहीत, वरचीचा कोपरा फडफडत होता. आम्ही दोघंही त्या कोपऱ्याकडे बघत होतो.

"ते उद्यापासून येणार तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "मी कितीही सांगितलं तरी येणार. तुम्ही विहिरीत उडी मार म्हणालात तर विचारतील, कोणत्या. तुम्ही त्यांना सोडणार नाही आणि ते तुम्हाला सोडणार नाहीत, ते मी सोडून दिलं. म्हणून हे मागते. तुम्ही याच्या जागी कुठलाही घ्या. माझ्यावर ओरडा, घराबाहेर काढा, मी कुणाला काही सांगणार नाही. कधीच नाही. फक्त हा द्या."

"आणि तू त्याचं काय करशील?"

"हातोडा घेईन वहिनींकडून."

एवढं बोलून ती उभी राहिली, हात जोडलेले नव्हते, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. शिवणाऱ्या बाईची बोटं, टोकांना सुईचे डाग.

खरं लिहायचं तर क्षणभर मूठ माझ्या हातात आली होती. उचलून तिला द्यावा असं वाटलं. मग फळीकडे पाहिलं. प्रत्येक भोक हाताच्या ड्रिलने पाडलेलं आहे. आई दाराशी त्या खुर्चीत बसून बघत होती तेव्हा पाडलेलं. ज्याने आयुष्यात काही बनवलं नाही त्याला ते कळायचं नाही. तोडायला आलेली बाईही किंमत मोजायला तयार आहे, हे मात्र मनात आलं.

मी म्हटलं, "घरातल्या वस्तू आम्ही विकत नाही."

तिने नोटा पिशवीत भरल्या. वायसर उचलायला तिने हात पुढे केला, पण मी आधीच घेतला होता. चांगला आहे, कुठेतरी उपयोगी पडेल. चप्पल घालून गेली. वळून पाहिलं नाही.

सोमवारची पिशवी भरली: पान्हे, डागाची काडी, तेल, धाकट्यासाठी सुती हातमोजे, पट्ट्यांवरून चढतील असे मोठे. पंप दाराशी ठेवला आहे, मूठ बाहेरच्या बाजूला.

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. भंगारातल्या कॉम्प्रेसरपासून मी या हातांनी केलेल्या पंपाला आज रोख मागणी आली आणि मी ती नाकारली. निळा पंप जेवढ्याला गेला तेवढेच पैसे तिने आणले होते, एक नोटही कमी नाही, तो आकडा मी बाजारातच ऐकला होता. एकवीस हजार.